तेराव्याचे टॉवेल

परत आलेलं पार्सल उघडायचं म्हटलं की रेश्मा आधी नाकाला ओढणी बांधायची. वरची पिशवी कोरी करकरीत, नावपत्ता शाबूत, आणि आत टॉवेल. पण कसला टॉवेल! कुणी त्यानं केसांची मेंदी पुसलेली, कुणी लेकराचं ढुंगण. एकदा पुण्याहून आलेल्या गड्डीतला मधला टॉवेल उलगडला, तर अख्खी दाढी झाडलेली निघाली, बारीक काळ्यापांढऱ्या केसांची, ओलसर आणि आंबूस. पाव्हणे येणार म्हणून मागवायचे, पाव्हणे गेले की ‘रंग फोटोसारखा नाही’ असं कळवून धाडून द्यायचे. लोकांना लाज नसते, आणि ती कुरिअरनं मागवताही येत नाही.

पण तिला खरी शिसारी यायची ती पुढच्या कामाची. तिचा नवरा अभिमन्यू तो टॉवेल दोन बोटांत धरून खिडकीबाहेर झटकायचा, त्यावर अत्तराचा फवारा मारायचा, इस्त्री फिरवायचा आणि नव्या पिशवीत सरकवून म्हणायचा, “हं, टाक नव्यात.”

“अवो, कुणीतरी तोंड पुसणार की ह्यानं.”

“पुसू दे. त्याला कुठं माहीत हाय?”

पहिल्या वर्षी ती भांडली. दुसऱ्या वर्षी नुसती मान फिरवायला लागली. आता तर ती स्वतःच पिशवीचं तोंड उघडून धरायची, आणि मग मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची. साबण झिजायचा, वास जायचा नाही.

दुकान सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत टॉवेलांच्या थप्प्या, मागच्या खोलीत संसार. दुकानाचं नाव ‘रेश्मा टॉवेल्स’. साइटवर उघडलं की वर तिचंच नाव वळणदार अक्षरांत यायचं, आणि जीएसटीचा नंबरही तिच्याच नावावर होता. अभिमन्यूचा आधीचा एक धंदा माढ्यात बुडाला होता, त्याचा नंबर कुठं कुठं अडकून पडला होता, म्हणून तो म्हणाला होता, “बाईच्या नावावर असलं की बरं असतं.” तिला तेव्हा केवढं वाटलं होतं! बी.कॉम.च्या प्रमाणपत्रानंतर एवढ्या ठसठशीत अक्षरांत तिचं नाव कुणी लिहिलंच नव्हतं. फोटो ती काढायची, गिऱ्हाइकांशी ती बोलायची, बिलं ती करायची. आणि महिन्याची वीस तारीख, जीएसटी भरायची मुदत, जवळ आली की भाकरी थापता थापता तिच्या फोनवर ओटीपीचे सहा आकडे यायचे. बाहेरच्या खोलीतून हाक यायची, “आकडा सांग गं!” ती पिठाच्या बोटानं फोन वर करून वाचायची, पलीकडं जीएसटी भरला जायचा, आणि तव्यावरची भाकरी करपायच्या आत ती उलथायची. गल्लीतल्या निम्म्या धंद्यांच्या मालकिणी अशाच, पाटावर बसून आकडे सांगणाऱ्या. काय भरलं, काय वजा केलं, हे त्यांना कुणी सांगत नाही आणि त्याही विचारत नाहीत.

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. अभिमन्यू अक्कलकोट रोडच्या कारखान्यात माल आणायला गेला होता. लातूरच्या एका बाईंनी निळ्या काठाचे टॉवेल मागितले. रेश्मानं हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं, तर ते निळे टॉवेल ‘परत आलेला माल’ या खात्यात भरपूर दिसत होते. ती फळीकडं गेली. फळीवर तीन कळकट पिशव्या आणि एक झुरळ.

कुठंतरी चुकलं असेल म्हणून तिनं ती यादी उघडली. विक्रीची बिलं तिची. परत आलेल्या मालाच्या नोंदी अभिमन्यूच्या, त्यात ती कधी शिरत नव्हती. यादी खाली खाली जातच राहिली. एवढी पार्सलं परत आली असती तर दारातून चालायला वाट राहिली नसती.

बी.कॉम. केलेल्या बाईला समजायला फार वेळ लागला नाही. टॉवेलाच्या किमतीतच कर धरलेला असतो. गिऱ्हाईक तो भरतं, दुकानदारानं तो नुसता सांभाळायचा आणि पुढच्या महिन्यात सरकारजमा करायचा. माल खरोखर परत आला, गिऱ्हाइकाचे पैसे परत गेले, की तेवढा कर वजा होतो. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांमार्फत जे विकलं जातं त्याचा हिशेब त्या कंपन्याच वरच्या वर कळवतात, तिथं कुणाचा हात पोचत नाही. पण रेश्माची स्वतःची साइट होती, व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ऑर्डरी होत्या. तिथं दुकानदार सांगेल ते खरं. अभिमन्यू सांगत होता की माल परत आला. माल गिऱ्हाइकाच्या न्हाणीघरात दांडीवर वाळत होता, आणि त्यानं भरलेला कर अभिमन्यूच्या खिशात.

ती यादी बंदच करणार होती. तेवढ्यात एका ओळीवर तिची नजर खिळली.

केराबाई महिपती कोळेकर, मंगळवेढा. टॉवेल, नाव घातलेले, नग साठ. परत. कारण: माल नापसंत.

रेश्मानं ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

केराबाई म्हणजे तिची मामी, आणि महिपती तिचा मामा. आईबाप लवकर गेले तेव्हा पोटचं मूल नसलेल्या या दोघांनी रेश्माला वाढवलं होतं. मामा डिसेंबर लागायच्या आधी गेला. तेराव्याला खांदेकऱ्यांना आणि भावकीला टॉवेल-टोपी द्यायची होती. मामीनं तसल्या दुखातही हट्ट धरला, “टावेल माज्या रेश्माच्याच दुकानातलं पायजेत.” रेश्मा म्हणाली होती, “मामी, पैशाचं नाव काढू नका.” तर मामी म्हणाली, “लेकीच्या धंद्याला पैला खड्डा घरचीच मान्सं पाडत्यात व्हय? बिल कर. सरकारचा कर काय असंल त्यो बी धर. ह्येंच्या नावाचं काईबी अर्धंमुर्धं नगं.” पुतण्याच्या फोनवरून तिनं सगळे पैसे भरले होते.

टॉवेलांच्या काठावर नाव घालायचं काम शेजारच्या कासीमभाईंनी केलं. त्यांच्याकडं भरतकामाचं यंत्र होतं. ‘कै. महिपती कोळेकर यांच्या स्मरणार्थ’. साठ वेळा ते नाव त्यांच्या सुईखालून गेलं, आणि मजुरी विचारल्यावर त्यांनी कानाला हात लावले. “मयताच्या नावाचे पैसे नको ताई. माझ्याकडून एवढी मूठभर माती समजा.”

आणि अभिमन्यू? तो तेराव्याला पहिल्या पंगतीला होता. जावई म्हणून मामीनं पहिला टॉवेल त्याच्याच खांद्यावर टाकला होता. जेवण झाल्यावर त्यानं त्यालाच हात पुसले होते.

तो टॉवेलसुद्धा त्यानं ‘नापसंत’ म्हणून परत दाखवला होता.

*

“अगं, मोठी ऑर्डर होती म्हणून धरली,” अभिमन्यू गाडीतून गड्ड्या उतरवता उतरवता म्हणाला. “नावं कोण बघतंय? रक्कम बघायची असते.”

“मामाचं नाव हाय त्यावर. दुखवट्याचा माल हाय त्यो. दुखवट्याचं कुणी परत देतं का? नापसंत म्हनं! कुणाला नापसंत? मेलेल्या मान्साला?”

“आवाज कमी कर. गल्ली ऐकतीय.”

“ऐकू दे. आनि बाकीची? सगळी यादी खोटी हाय की.”

“सगळेच करत्यात.”

“कर लोकांनी भरलाय. आपला न्हाई त्यो.”

“तुला लई पुळका! सरकार काय तुझ्या मामाचं लागून गेलं?”

म्हणून गेला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं बहुतेक, कारण तो गड्डी उचलून आत गेला. रेश्मा दारातच उभी राहिली. या माणसाच्या ताटात आपण जेवतो, त्याच्या घामाची उशी उन्हात घालतो, आणि अंगावर पाल पडल्यासारखं आज वाटतंय. पाल झटकता तरी येते.

संध्याकाळी तो मऊ झाला. मऊ झालेला अभिमन्यू तिला जास्त नकोसा वाटायचा. “हे बघ, एवढ्या महिन्याचं होऊ दे. पुढनं मी काढतो सगळं. आता मधेच खोडाखोडी केली तर संगमेशला संशय यील.” संगमेश म्हणजे त्यांचा जीएसटी भरून देणारा. “तोच म्हणत होता, ‘नाव घातलेला एवढा माल परत आला म्हणता, तर गिऱ्हाइकाचं पत्र फायलीत असू द्या.’ उद्या कुणी विचारलं तर नोटीस तुझ्या नावावर येईल, माझ्या न्हाई. मामीची एक सही आणू. घरचं माणूस हाय.”

“मामीला ह्यात वडायचं न्हाई.”

तो जेवायला बसला. रेश्माला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मामीचाच फोन आला. आवाज थकलेला, पण त्यात तिला धीर देण्याची धडपड. “रेश्मे, काळजी करू नगं बाय. जावईबापूंनी समदं सांगितलंय. मी करते की. या तुमी.”

“मामी, तुमी कशावर बी सही करायची न्हाई.”

“बरं बरं. या तर खरं.” आणि फोन ठेवला.

मामीचं ‘बरं बरं’ तिला लहानपणापासून ठाऊक होतं. जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे त्या बाईच्या रक्तात. जावयानं पाणी मागितलं तर ती दूध देईल, आणि सही मागितली तर दोन्ही हातांचे अंगठे. फोनवर सांगून भागणार नव्हतं. समोर जाऊन तो कागद तिच्या हातातून काढून घ्यायला हवा होता. म्हणून वीस तारखेला सकाळी अभिमन्यूनं गाडी काढली तेव्हा रेश्मा न बोलता शेजारी जाऊन बसली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या रानात शाळू उभा होता. कणसं भरली होती, वाऱ्यावर मान डोलवत होती, आणि माळ्यावर उभी राहून एक बाई गोफण फिरवत पाखरं हाकत होती. एरवी रेश्माच्या ओठावर आपोआप काहीतरी आलं असतं. आज आली ती मामीची जुनी ओवी, आहेराची, आणि तीसुद्धा अंगावर काटा आणत.

दिला अहेर गं बाई, पाण्यात सोडला दिवा
पल्याड गेला त्यासी, अल्याड कसा बोलवावा

“काय पुटपुटतीयस?” अभिमन्यूनं विचारलं.

“काय न्हाई.”

“मामीसाठी पेढं घ्यायचं का?”

“दुखवट्याच्या घरी पेढं?”

“अरे हो,” तो म्हणाला, आणि गाण्याचा आवाज वाढवला.

*

मामीनं अंगण सारवून ठेवलं होतं. कपाळ मोकळं, हात मोकळे, आणि तरी दारात उभी राहून ती हसली. “या जावईबापू. ये गं रेश्मे.” पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, जावयाच्या कपाखाली बशी आणि रेश्माच्या कपाला नुसता कान. मग पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, “आणला का कागद?”

अभिमन्यूनं खिशातून घडी काढली. रेश्मा पुढं झाली. “मामी, त्यात काय लिवलंय ठाव हाय का? टॉवेल आवडलं न्हाईत म्हून परत दिलं, असं लिवलंय. खोटं हाय. तुमी सही करू नका.”

“ठाव हाय की,” मामी म्हणाली. “बापूंनी फोनवर वाचून दाकवलं. मी म्हनलं, बापू, ह्येंच्या नावानं खोटं कसं लिवू? ह्ये जिते असते तर माजा हात मोडला असता. तर बापू म्हनलं, सही न्हाई केली तर रेश्मावर नोटीस यील, कोर्टात उभं करत्याल. मग मी इचार केला.”

“काय विचार केला?”

मामी उठली. आतल्या खोलीत गेली, आणि दोन्ही हातांवर तोलत एक गाठोडं घेऊन आली. जुन्या सतरंजीचं. तिनं ते अभिमन्यूच्या पुढ्यात ठेवलं, गाठ सोडली.

आत टॉवेल होते. धुतलेले, वाळवलेले, काठाला काठ जुळवून घड्या घातलेले. प्रत्येक घडीवर मामाचं नाव वर आलेलं. कुणाचा पिवळट पडलेला, कुणावर सायकलच्या तेलाचा डाग घासूनही उरलेला, एकाचं टोक बैलानं चघळलेलं.

“गोळा केलं,” मामी म्हणाली. “समदं न्हाई घावलं. काई पुण्याला गेल्यात, एक सखारामाच्या अंगावर व्हता, त्यो गेला, त्याच्यासंगं जळाला. बाकी हायत. आता लिवा की परत दिलं. आता खोटं न्हाई.”

बाहेर एक कोंबडी उगीचच ओरडत राहिली.

रेश्माला ते दिसायला लागलं. तेराव्याला ज्या खांद्यांवर या बाईनं आपल्या हातानं टॉवेल टाकले, त्याच माणसांच्या दारात ही महिन्याभरानं जाऊन उभी राहिली होती. पदर पुढं ओढून. “तेवडा टावेल माघारी द्या.” दुखवट्याचा आहेर मागून घेणारी बाई या पंचक्रोशीत कुणी पाहिली नसेल. कुणी आत बोलावलं असेल, कुणी दारातूनच फेकला असेल.

“मामी, लोक काय म्हनलं?”

“म्हनायचं त्ये म्हनलं.” मामी गाठोड्याकडं बघत राहिली. “ईरम्मा म्हनली, महिपतीला येवढं हलकं कुणी केलं न्हवतं, तू केलंस. म्हनू दे. तू सुटलीस की झालं. हायत ती किती दिस बोलत्याल?”

रेश्मानं नवऱ्याकडं पाहिलं. तिला वाटत होतं, आता तरी. आता तरी हा माणूस खाली बसेल, मामीच्या पायावर नाही तर निदान जमिनीवर तरी हात टेकेल. अभिमन्यू गाठोड्यावर वाकला होता. त्यानं एक टॉवेल उचलला, काठ अंगठ्यानं चाचपला आणि त्याचा चेहरा उजळला.

“मामी, तुमी तर कमालच केली! ह्याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला?” आणि त्यानं खिशातून फोन काढला. “जरा सरका. फोटो काढतो. नाव दिसू दे वर.”

मामी सरकली. जावई म्हणाला म्हणून सरकली. मोकळ्या कपाळाची ती बाई गाठोड्याशेजारी आखडून बसली, आणि फोनचा आवाज झाला. कचकन.

“तुमी बी या फोटोत. गिऱ्हाईक म्हणून.”

पुन्हा कचकन.

“माल बी वाया जाणार न्हाई,” अभिमन्यू आपल्याच नादात बोलत होता. “नावाची पट्टी तेवढी कापून टाकायची. फरशी पुसायची फडकी म्हणून लावतो साइटवर, तीन-तीनचा संच करून. मऊ झाल्यात वापरून, पाणी चांगलं धरतील.”

रेश्मा उठली आणि परसात गेली. न्हाणीच्या दगडापाशी बसली आणि ओकली. चहा पडला, सकाळची भाकरी पडली, आणि मग नुसतं कडू पाणी. मामी तांब्या घेऊन धावत आली, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “दिस गेलं का काय बाय?” आणि तिच्या आवाजात आशेची जी बारीक लकेर होती तिनं रेश्माला पुन्हा उमळून आलं.

“न्हाई मामी,” ती चूळ भरून म्हणाली. “माणूस वकले मी. पोटात बसला होता.”

*

ती आत आली, ओढणी कमरेला खोचली, आणि गाठोड्यापुढं बसली. अभिमन्यू बाजेवर बसून फोटो संगमेशला धाडत होता. त्यानं कागद आणि पेन मामीच्या बाजूला सरकवलं होतं. रेश्मानं कागद उचलला, चार तुकडे केले आणि चुलीत घातला. मग टॉवेलांचा अर्धा ढीग खांद्यावर घेतला.

“मामी, चला. घरं दाखवा. कुणाचा कुठला ते तुमालाच ठाव.”

“अगं पर...”

“चला म्हनते न्हवं.”

“रेश्मा, डोकं फिरलं का?” अभिमन्यू बाजेवरून उठला. “आज वीस तारीख हाय. संगमेश बसलाय तिकडं भरायला. आता आकडा यील तुझ्या फोनवर. गप सांग आणि मग काय नाटकं करायची ती कर.”

ती उंबरा ओलांडून गेलीसुद्धा. मामी तिच्यामागं, पदर सावरत, दुसरा ढीग छातीशी धरून. दुपारच्या उन्हात दोघी गल्लीतून चालल्या तेव्हा दारादारांतून माणसं बघायला लागली. कुणी हाक मारली नाही.

पहिलं घर बसप्पाचं. मामाच्या तिरडीला पुढचा खांदा त्यानं दिला होता. म्हातारा ओट्यावर सुतळी वळत बसला होता. ईरम्मा, त्याची बायको, दारातच शाळू पाखडत होती. टॉवेल बघून तिनं सूप खाली ठेवलं.

“आता काय? टोपी बी पायजे का?”

मामी जागच्या जागी थिजली. रेश्मा पुढं झाली. तिनं टॉवेल उलगडला, काठ वर करून बसप्पासमोर धरला.

“काका, मामीकडं बघू नका. माझ्याकडं बघा. ह्ये टॉवेल मामीनं मागितलं न्हाईत, माझ्या दुकानानं मागितलं.”

“तुज्या दुकानानं?”

“मामीनं ह्याचं पैसं भरलं. वर सरकारचा कर बी भरला. त्यो कर माझ्या दुकानानं खाल्ला. खाता यावा म्हून कम्प्युटरात लिवलं की टॉवेल आवडलं न्हाईत, माघारी आलं. दुकान माझ्या नावावर हाय. मी महिन्याच्या महिन्याला डोळं झाकून आकडा सांगत गेले. मामीला खोटं लिवायचं न्हवतं, आनि जावयाला न्हाई म्हनायचं न्हवतं. म्हून ती तुमच्या दारात आली.”

हे बोलताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. सोलापुरात हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. इथं कुणी हसलं नाही. शेजारच्या दोन बायका ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. बसप्पानं सुतळी बाजूला ठेवली.

“म्हंजी महिपतीचं नाव तुमी करचुकवीला लावलंत,” तो सावकाश म्हणाला.

“व्हय, काका.”

“थू,” ईरम्मा म्हणाली. थुंकली नाही, नुसतं म्हणाली. पण ते रेश्माच्या तोंडावर येऊन पडलं, आणि तिनं ते पुसलं नाही. तिला ते बरोबर वाटलं. गेले दोन-चार दिवस जे तिला म्हणता येत नव्हतं ते दुसऱ्या कुणीतरी म्हटलं होतं.

तेवढ्यात ओढणीत खोचलेला फोन थरथरला. सहा आकडे आले होते. पाठोपाठ अभिमन्यूच आला, घामाघूम, गल्लीच्या कडेनं, लोकांकडं न बघता.

“आला न्हवं? सांग. दहा मिनिटंच चालतो तो.”

“सांगते की,” रेश्मा म्हणाली. “आधी बसप्पाकाकांना सांगा, आकडा कशापायी पायजे.”

“काय?”

“ह्येंनी मामाला खांदा दिलाय. ह्येंच्या अंगावरचा टॉवेल तुमी नापसंत म्हून लिवलाय. ह्येंना सांगा. त्यांनी बरं म्हनलं तर मी आकडा सांगते.”

अभिमन्यूनं हसण्याचा प्रयत्न केला. “काका, त्ये काय न्हाई, ऑनलाइनचं जरा टेक्निकल असतं...”

“आमाला उलगडून सांगा की पाव्हणं,” बसप्पा म्हणाला. “येळ हाय आमाला.”

“जरा घरात बसून बोलू.”

“हितंच बोला. टावेल बी हितनंच गेला.”

ओट्याभोवती आता सात-आठ माणसं झाली होती. त्यातल्या तिघाचौघांचे टॉवेल रेश्माच्या खांद्यावर होते. त्यानं एकदा मामीकडं पाहिलं, सवयीनं. ही बाई जावयाची बाजू सावरून घेईल अशी त्याची खात्री असावी. मामी खाली बघत होती. तिनं पदर पुढं ओढला नाही, मागंही सारला नाही. काहीच केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा जावयाचा शब्द तिनं खाली पडू दिला.

तो वळला आणि गाडीकडं निघून गेला. जाताना बोलला ते सगळ्यांनी ऐकलं. “मग भोग तुझ्या नावाची फळं. मला काय!”

रेश्मानं फोन कानाला लावला. “संगमेशभाऊ, आकडा मिळणार न्हाई. आधी डिसेंबरातली परत मालाची सगळी यादी माझ्याकडं धाडा. जे खरंच आलंय तेवढं मी लिवून देते, बाकी काढून टाका. आनि त्याच्या मागच्या महिन्यांचं बी बघावं लागंल.”

“वहिनी, आज शेवटची तारीख हाय. उशिराचा दंड लागंल. आनि मागचं उकरलं तर कर, व्याज, सगळं तुमच्याच अंगावर. अभिमन्यूभाऊंना विचारलं का?”

“नंबर कुणाच्या नावावर हाय?”

“तुमच्या.”

“मग मला इचारा.”

तिनं फोन बंद केला. तो काय सांगत होता ते तिला चांगलं कळत होतं. थप्प्या विकाव्या लागतील, कदाचित कानातलंही. दोन खोल्यांतल्या मागच्या खोलीत आज रात्री काय होईल, तेही. पण मळमळ थांबली होती का, तर नव्हती. ती तशीच होती, घशाशी, कडू. या एका ओट्यानं ती जाणार नव्हती.

बसप्पानं हात पुढं केला. रेश्मानं टॉवेल त्याच्या हातात द्यायला नेला, तर म्हातारा म्हणाला, “हातात न्हाई. केराबाईला दे. तिनं टाकला व्हता, तीच टाकंल.”

मामीनं टॉवेल घेतला. ओट्यावर चढायला तिला ईरम्मानं दंडाला धरून आधार दिला, तोंडानं पुटपुटतच, “ये, ये, चढ नीट, पडशील.” मामीनं टॉवेल म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकला, काठ सरळ केला, आणि तेराव्याला जे रडू तिला आलं नव्हतं ते आलं.

रेश्मा थांबली नाही. तिनं उरलेला ढीग नीट घेतला आणि ओट्याशी जमलेल्या माणसांना विचारलं, “पुढचं घर कुणाचं?”

एक माणूस पुढं झाला. “माजं. पर माज्या म्हातारीला बी सांगावं लागंल तुला, आत्ता सांगितलंस त्ये. ती लई बोलली केराबाईला. आनि तिला ऐकू कमी येतंय, वरडून सांगावं लागंल.”

“वरडून सांगते,” रेश्मा म्हणाली, आणि त्याच्यामागं चालू लागली.